ताईबरोबर भंडारदऱ्याला, जेवण वगळून

भंडारदऱ्याला लाकडी घरात राहायला जाणार असाल तर भाड्यावर हवी तेवढी घासाघीस करा, जेवणावर करू नका. हे मी स्वतःच्या पोटावरून सांगतेय.

मुलुंडला माझं पडद्यांचं आणि सोफ्याच्या कापडाचं दुकान आहे. सुरुवात घाटकोपरच्या दोन खोल्यांत, उशांचे अभ्रे शिवून झाली. कुणी हात धरून उभं केलं नाही. त्यामुळे समोरच्यानं सांगितलेली पहिली किंमत मला ऐकूच येत नाही. या सहलीचं बुकिंग माझ्या भाचीनं, प्राचीनं, करून ठेवलं होतं. तरी मी मालकाला फोन केलाच.

"मॅडम, शनिवार-रविवारचा हाच दर आहे."

"जेवण काढून टाका त्यातलं."

"जेवण काढलं तर जेवणार कुठं तुम्ही?"

"ते माझं मी बघते."

शेवटी तो "बरं" म्हणाला. मला वाटलं, जिंकले.

बरोबर होती माझी मोठी बहीण. ती बोरिवलीला राहते, शाळेत शिकवून निवृत्त झाली. दोन वर्षं आम्ही एकमेकींशी धड बोललो नव्हतो. त्याचं कारण आधी सांगते, नाहीतर पुढचा प्रवास कळायचा नाही.

प्राची ही ताईची मुलगी. तिच्या लग्नात साड्यांपासून हॉलपर्यंत आणि केटररपासून फुलवाल्यापर्यंत सगळीकडे बोलणी केली ती मी. ताई पिशवी धरून मागे उभी राहायची आणि भाव फारच खाली आला की बिचाऱ्या दुकानदाराकडे बघून ओशाळं हसायची. पण ज्या दिवशी दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसून देणंघेणं, मानपान, रीतभात ठरवतात ती बैठक होती, त्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. "मंदे, आजचं पुढे ढकललंय गं. त्यांच्याकडे कुणाला तरी बरं नाहीये." मी ठेवणीतली साडी बाहेर काढून ठेवली होती, ती परत घडी करून कपाटात टाकली. दोन दिवसांनी प्राचीच्या फोनवर फोटो पाहिले. बैठक झाली होती, त्याच दिवशी, त्याच वेळी. ताई होती, भावजी होते, ताईची शेजारीणसुद्धा होती. मी विचारलं तर ताई म्हणाली, "अगं, घाईघाईत ठरलं."

बाजारात भांडायला मी, आणि बैठकीत बसायला शेजारीण.

लग्नाला गेले, अक्षता टाकल्या. मुलाच्या आईशी, दळवीबाईंशी, ओळख करून दिली तेव्हा त्यांनी हात जोडले आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे कुणाकडे तरी बघत पुढे गेल्या. तो रागही मी ताईवरच काढला. न जेवता घरी आले.

आता प्राचीला सातवा महिना लागणार. दळवींच्या घरी डोहाळजेवण ठरलंय. मी तिला सांगून टाकलं, "मी येणार नाही, आशीर्वाद फोनवरून घे." त्यावर तिनं हे लाकडी घर बुक केलं आणि म्हणाली, "तुम्ही दोघी जा. काय ते एकदाचं बोलून या. मला माझ्या पोरासमोर हे असं अर्धवट नकोय."

शनिवार, घोटी

गाडी मीच चालवते. कसारा घाटभर ताई खिडकीवरची मूठ धरून बसली होती.

"मंदे, ट्रक आहे पुढे."

"दिसतोय मला."

मुलुंडपासून तिथपर्यंत आमचं एवढंच बोलणं झालं. बाकी औषधं घेतलीस का, एसी कमी करू का, असलं.

घोटीला भाताच्या गिरण्या आहेत आणि बाजारात तांदळाची दुकानं एकाला लागून एक. पोत्यांची तोंडं उघडी असतात, आणि जानेवारीतल्या नव्या तांदळाचा जो वास रस्त्यावर येतो तो मुंबईत पिशवीतून येत नाही. ताई इंद्रायणीच्या पोत्याजवळ थांबली. मूठभर दाणे हातावर घेऊन बघत राहिली. दुकानदार साठीचा, कानटोपी घातलेला. त्यानं भाव सांगितला, मी त्याच्या निम्मा सांगितला.

"नाही परवडत बाई."

"मग राहू दे." मी वळले आणि चालू लागले.

हा माझा सगळ्यात जुना डाव. गिऱ्हाईक पाठ फिरवून पाच पावलं गेलं की मागून हाक येते. मी स्वतः दुकानदार आहे, मला माहीत आहे ती हाक कितव्या पावलाला मारायची असते. पाच झाली, दहा झाली. मी एका चपलांच्या दुकानासमोर उगीच थांबले. हाक नाही. हळूच मागे बघितलं तर तो दुसऱ्या कुणाचं तरी पोतं शिवत होता.

ताई शेजारी येऊन उभी राहिली. "जाऊन घेऊ का मी? चांगला होता गं."

"काही नको. पुढे मिळेल."

पुढे काही मिळालं नाही. भाजी घ्यावी हेही रागात राहून गेलं. भंडारदऱ्याच्या फाट्याला वळल्यावर मात्र राग थोडा निवला, कारण समोर डोंगर आले. आमच्या मुलुंडलाही डोंगर आहे, पण तो इमारतींच्या मागून डोकावतो. इथे डोंगर पुढे आणि घरं त्याच्या पायाशी. मध्ये कापून गेलेल्या भाताची खाचरं, पिवळी पडलेली, आणि एखाद्या वाफ्यात वालाची हिरवळ.

तलावाच्या वरचं घर

शेवटचे दोन किलोमीटर रस्ता फक्त नावाला. गाडीची खालची बाजू दोनदा दगडाला लागली. दुसऱ्यांदा जो आवाज आला त्यानंतर मी ठरवलं, रविवारी परत निघेपर्यंत ही गाडी जागची हलवायची नाही.

घर छान होतं, खोटं कशाला बोलू. छप्पर वरच्या टोकापासून थेट जमिनीपर्यंत उतरलेलं, त्यामुळे आख्खं घरच त्रिकोणी. आत नव्या लाकडाचा वास. वर एक माळा, पण शिडी उभी, आणि ताईचे गुडघे दुखरे. म्हणजे खालच्या एकाच पलंगावर दोघींनी झोपायचं. समोर उतार, उताराखाली तलावाचं पाणी, पाण्यापलीकडे रतनगड.

घराची देखभाल करणाऱ्या हिराबाई किल्ली घेऊन उभ्या होत्या. पन्नाशीच्या, काटक, डोक्यावर पदर. त्यांनी पिण्याच्या पाण्याचा माठ दाखवला, गरम पाण्याचा बंब दाखवला, आणि निघाल्या.

"हिराबाई, इथं जवळ जेवायला कुठं मिळतं?" मी विचारलं.

"हितं? हितं काय न्हाई. मागं शेंडीला हाटेलं हायेत."

शेंडी म्हणजे आलो तोच रस्ता, तेच दगड. ताईनं पिशवी उघडली. तीत बिस्किटांचा एक पुडा आणि तिच्या गोळ्या होत्या.

"तुम्ही करता ना पाहुण्यांचा स्वयंपाक?" मी म्हटलं. "आमचाही करा. पैसे देते."

"मालकांचा निरोप व्हता, शनवारच्या पाव्हण्यांचं जेवान न्हाई. मी काय सामान आणलं न्हाई."

"मग तुमच्या घरचं जे असेल ते द्या. पैसे घ्या त्याचे."

हिराबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "घरच्या जेवणाचं पैसं कसं घेऊ? घरला या अन् जेवा."

मला हे जमत नाही. फुकटची वस्तू हातात आली की मी ती उलटीपालटी करून बघते, कुठे फाटलीय का ते. पण दीड वाजला होता आणि ताईला गोळी घ्यायची होती.

हिराबाईंच्या घरी

कुडाच्या भिंती, सारवलेली जमीन, कोपऱ्यात चूल. हिराबाई नाचणीच्या भाकऱ्या थापत होत्या. हातावरच, पोळपाट नाही. वालाचं कालवण होतं, लसणाचा ठेचा होता आणि शेवटी मऊ भात. आमच्याकडे कुणी न सांगता जेवायच्या वेळेला आलं तर बाई आधी दारातच मनात पोळ्या मोजते, मीही मोजते. हिराबाईंनी काही मोजलं असलं तरी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. स्वतः मात्र त्या आमच्याबरोबर बसल्या नाहीत, मागून जेवते म्हणाल्या.

दुसरी भाकरी वाढताना त्यांनी विचारलं, "एका बाईनं फोनवर लई वाद घातला म्हनं मालकासंगं. मालक म्हनले, सांभाळून ऱ्हा, बाई लई कडक हाये. तुमी का त्या?"

मी काही बोलायच्या आत ताईला ठसका लागला. पाणी पिऊन तो थांबला आणि मग ती हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. हिराबाई आधी गोंधळल्या, मग त्याही पदर तोंडाला लावून हसल्या. मी ठेचा खात बसले. तिखट लागला तरी बोलले नाही.

खरं सांगायचं तर मला राग आलाच नाही. ताईचं हे हसणं मी दोन वर्षं ऐकलं नव्हतं. घाटकोपरला असताना ती असं हसायला लागली की आई म्हणायची, आता हिला भिंतीला टेकवून बसवा.

परत येताना चढावर ती दम खात थांबली. अजून हसतच होती. "भंडारदऱ्यापर्यंत पोचलं गं तुझं नाव."

"पोचू दे."

"दळवींकडे तर बैठकीच्या आधीच पोचलं होतं."

तिचं हसू थांबलं. माझे पाय थांबले.

"म्हणजे काय?"

"उद्या सांगते, मंदे. सांगणार आहे, शप्पथ. आज एवढं जेवण झालंय, आज नको."

माझ्याबद्दल दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर माझा विश्वास बसला नसता, पण मी तिला पुढे काही विचारलं नाही. संध्याकाळभर आम्ही ओट्यावर शाली गुंडाळून बसलो. पाण्याचा रंग आधी तांब्यासारखा, मग शिशासारखा झाला. एका पलंगावर झोपायची सवय मोडून चाळीस वर्षं झाली होती. दोघी आपापल्या काठाला चिकटून झोपलो.

रविवार, पाण्याकाठी

सकाळी थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ येत होती. पाण्यावर धुकं होतं. हिराबाईंनी खाली जायची वाट दाखवली आणि रतनगडाकडे बोट केलं. वर डोंगराला आरपार भोक आहे म्हणे, त्याला नेढं म्हणतात. ताईला ते दिसलं. मला काही केल्या दिसेना. "दिसतंय का? आत्ता? त्या सुळक्याच्या उजवीकडं?" करून हिराबाई थकल्या आणि कामाला गेल्या.

आम्ही एका खडकावर बसलो. ताईनं वेळ काढला नाही.

"बैठकीच्या आधी चार दिवस दळवीबाईंचा फोन आला होता. म्हणाल्या, मुलीच्या मावशीचं मुलुंडला पडद्यांचं दुकान आहे ना? त्या बैठकीला येणार असतील तर मी येणार नाही."

"मी काय घोडं मारलंय त्या बाईचं?"

"तू लग्नात ओळखलं नाहीस त्यांना?"

"कुठून ओळखणार?"

"नऊ वर्षांपूर्वी तुझ्याकडून पडदे शिवून घेतले होते त्यांनी. आटले म्हणून परत घेऊन आल्या. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. तू त्यांना म्हणालीस, परवडत नसेल तर खिडकीला जुनी साडी लावा."

मी आठवून पाहिलं. दुकान आठवलं, जुना काउंटर आठवला. ती बाई आठवेना. पडदे आटल्याची तक्रार वर्षातून दहा जणी घेऊन येतात. पण ते वाक्य माझंच होतं. आपल्या हातची शिवण कुठेही ओळखू येते, तसं ते मला ओळखू आलं.

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

"त्यांच्या घरी गेले असते."

"तेच."

"भांडायला नाही..."

"मंदे."

"बरं, भांडायलाच."

ताई पाण्याकडे बघत म्हणाली, "प्राचीचं लग्न मोडलं असतं गं. मला भीती वाटली."

"त्या बाईची?"

"तुझी."

मग मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. तू मला सगळ्यांपासून लपवून ठेवलंस, दुकानदारांशी भांडायला मी लागते आणि माणसांत बसवायला लाज वाटते, खोटं बोललीस तेही सख्ख्या बहिणीशी. पाण्यावरून आवाज लांब जातो. पलीकडे होडीत जाळं ओढणारा एक माणूस हात थांबवून आमच्याकडे बघू लागला. मी उठले आणि वरच्या वाटेला लागले.

चौथ्या की पाचव्या पावलाला मागून आवाज आला. "मंदे, बस गं. जाऊ नकोस."

पाय तिथेच थांबले. दोन वर्षं मी अशीच पाठ फिरवून चालत होते. तिचे फोन दोन वाक्यांत तोडले, दिवाळीला गेले नाही, राखीच्या दिवशी भावाकडे ती सकाळी येते म्हणून मी संध्याकाळी गेले. प्रत्येक वेळी कान मागे. तिनं एकदा म्हणावं, चुकलं माझं, ये. घोटीच्या त्या कानटोपीवाल्यापासून मी दहा-बारा पावलं गेले असेन. ताईपासून किती गेले होते कुणास ठाऊक.

मी परत येऊन बसले.

"माझं चुकलं," ताई म्हणाली. "बैठकीला नाही नेलं, ते मी परतही तसंच केलं असतं. पण खोटं बोलायला नको होतं. लग्नानंतर रोज ठरवायचे, आज सांगू. मग वाटायचं, आता हिला कळलं तर ही दिवाळसण उधळेल. मग प्राचीला दिवस गेले. तू मला लहानपणापासून घाबरवतेस, मंदे. मी पाच वर्षांनी मोठी आहे आणि मला तुझी भीती वाटते. हे कसं सांगायचं असतं?"

मला नेहमी वाटायचं की लोक माझं ऐकतात कारण माझं बरोबर असतं. ते घाबरून ऐकत असतील असा विचार मी नोकरमाणसांबद्दल कधी केला असेल, ताईबद्दल नाही. आणि ज्या बैठकीला मला बोलावलं नाही त्या दिवसाचं प्रत्येक मिनिट मला पाठ होतं, पण ज्या बाईला मी चारचौघांत हिणवलं तिचा चेहराही माझ्याकडे नव्हता. ती मात्र नऊ वर्षं मला घेऊन फिरत होती.

धुकं उचललं गेलं. होडीतला माणूस जाळं आवरून निघून गेला. ताईनं तिची शाल अर्धी माझ्या गुडघ्यांवर टाकली.

"नंबर दे त्यांचा," मी म्हटलं.

"नको गं. कशाला?"

"दे."

"काय बोलणार आहेस?"

"माहीत नाही."

ताई चष्मा लावून फोनमध्ये नंबर शोधू लागली. आता मी काही उलटं बोलले असते तर प्राचीच्या घरचं दार मला कायमचं बंद होतं, आणि ताईचंही त्या घरात जाणंयेणं अवघड झालं असतं. तरी तिनं नंबर दिला.

घराजवळ फोन लागत नव्हता. वर रस्त्याच्या वळणावर लागला.

"मी प्राचीची मावशी बोलतेय. मंदा."

पलीकडून नुसतं "हं" आलं.

"मला ताईनं आत्ता सांगितलं. मला तुम्ही आठवत नाही, दळवीबाई. खोटं कशाला बोलू. पण काय झालं होतं ते तुमच्या तोंडून ऐकायचंय."

वाटलं, फोन ठेवतील. त्यांनी ठेवला नाही. आधी थोडं अडखळत, मग सरळ बोलू लागल्या. नवीन घर घेतलं होतं, वास्तुशांत होती. नवं कापड धुतल्याशिवाय वापरायचं नाही अशी त्यांच्या घरची रीत, म्हणून पडदे आदल्या दिवशी धुवून टाकले. वाळले ते वीतभर आखूड. धावत माझ्या दुकानात आल्या, काही करता येतं का विचारायला. खाली पट्टी जोडून द्या, एवढंच म्हणणार होत्या. मी त्यांना तेवढंही बोलू दिलं नाही.

"मग दुसऱ्या दिवशी मी खरंच साडी लावली खिडकीला. घरभर पाहुणे होते. माझ्या जावेनं विचारलं, हे काय? मी म्हटलं, पडदे यायचेत अजून."

माझ्या जिभेवर एक प्रश्न आला होता आणि तो तिथून हलेना. ते कापड साध्या पाण्यात वीतभर आटत नाही. मी ते विकते, मला ठाऊक आहे. गरम पाण्यात घातलंत ना, एवढंच विचारायचं होतं. मी दुसऱ्या हातानं रस्त्याकडेचा कठडा धरला आणि गप्प राहिले.

"गरम पाण्यात टाकले होते मी," दळवीबाई म्हणाल्या. "चूक माझीच होती, ते तेव्हाच कळलं होतं मला. भांडायला आलेच नव्हते मी. पण तुम्ही ते बोललात."

"बोलले असेन."

"असेन नाही. बोललात."

"बोलले," मी म्हटलं. "बोलायला नको होतं. माफ करा मला."

खालच्या चढावर ताई दिसली. गुडघे धरत, थांबत थांबत वर येत होती. मी तिला हातानं थांब म्हटलं तरी ती येतच राहिली. पलीकडून दळवीबाईंनी विचारलं,

"डोहाळजेवणाला येताय ना?"

"बोलावलंत तर येईन."

"मग जरा लवकर या. ओटीचं सगळं तुमच्या ताईंना एकटीला जमणार नाही." आणि मग, "एक सांगून ठेवते. हॉलमधले पडदे मी दुसरीकडून शिवून घेतलेत. ते बघून एक अक्षर बोलायचं नाही."

"नाही बोलणार," मी म्हटलं, आणि वर पोचलेल्या ताईच्या हातात फोन दिला.